‘बोला’ म्हणजे गायीचं काय? जनावरांच्या इम्यून जीन्सचे सिक्वेन्स कसे शोधायचे, कसे जुळवायचे

चवथीला आठ दिवस, बाहेर पाऊस धो धो, मी माटोळीला (गणपतीच्या वर फळं-पानं बांधून करतात ती) काय काय कुठून आणायचं त्याची यादी करत बसलेली आणि वळपईहून बहिणीची मुलगी छत्री गळत, लॅपटॉप पोटाशी धरून दारात उभी. एमएस्सीचा प्रोजेक्ट, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या गावठी गायी, रक्ताचे नमुने, आठ गायींचे सिक्वेन्स (डीएनएची अक्षरं ओळीने वाचलेली) बाहेरून करून आलेले. पाय पुसायच्या आधीच म्हणाली, "मावशी, तीन नवीन अ‍ॅलील मिळाली!" मी म्हटलं आधी चहा घे. चहा संपेपर्यंत त्यातलं एक गेलं, रात्रीच्या जेवणापर्यंत दुसरं गेलं, तिसरं मात्र सकाळी पाववाला पोदेर येऊन गेल्यावर गेलं. बिचारीचं तोंड एवढंसं झालं.

मी फोंड्यात लॅबमध्येच काम करते आणि दरवर्षी दोन-तीन पोरं हेच प्रश्न घेऊन येतात, सिक्वेन्स आलाय पण आता कुठे जुळवू, नाव कसं कळणार, जेनबँकेत तर मिळत नाहीय म्हणजे नवीनच ना, वगैरे. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. एक गोष्ट आधीच सांगते, वेबसाइटची नावं आणि सर्चचे शब्द मी इथे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाका.

इम्यून जीन्स म्हटलं की सगळ्यात जास्त काम एमएचसीवर झालंय, त्यामुळे मी पण बहुतेक त्याच्यावरच बोलणार. एमएचसी म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे त्यांनी हा पॅरा सोडा. बाकीच्यांनी मासळीबाजार डोळ्यासमोर आणा. बाई टोपलीवरचं फडकं बाजूला करून एक बांगडा हातात धरून दाखवते, गिऱ्हाईक कल्ले बघतं आणि ठरवतं ताजा की शिळा. पेशी तेच करते, आत जे प्रोटीन आहे त्याचा छोटा तुकडा एमएचसीच्या खोबणीत धरून बाहेर दाखवते आणि टी सेल येऊन तपासते की हे आपलं की व्हायरसचं. क्लास वनवाला साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचा तुकडा धरतो, पेशीच्या आतला माल. क्लास टूवाला लांब तुकडा धरतो आणि बाहेरून गिळलेला माल दाखवतो. आता त्या बाईचा हात कसा आहे, बोटं केवढी, यावर कुठला मासा नीट धरता येईल ते ठरतं, आणि हा ‘हात’ प्रत्येक जनावरात थोडा थोडा वेगळा असतो, त्या वेगळेपणालाच आपण अ‍ॅलील म्हणतो. डोहर्टी आणि झिंकरनागेल यांना १९९६ चं नोबेल याच कामाचं, की टी सेल व्हायरसचा तुकडा एकटा ओळखत नाही, आपल्या एमएचसीच्या हातात असेल तरच ओळखते.

गंमत आणि डोकेदुखी दोन्ही इथेच आहे. बाकीच्या जीन्सना एक रेफरन्स सिक्वेन्स घेतला की काम भागतं, इथे भागत नाही. माणसाच्या एमएचसीला एचएलए म्हणतात, त्या जीन्सची अ‍ॅलील आज ४० हजारांच्या वर नोंदलेली आहेत. गायीच्या एकट्या डीआरबी३ या जीनची तीनशेच्या वर. म्हणजे रेफरन्स जीनोमशी जुळत नाही म्हणून उड्या मारायच्या नाहीत, रेफरन्स जीनोम ही एका गायीची गोष्ट आहे.

आता डेटाबेस. पोरांचा पहिला गोंधळ इथे होतो, सगळ्यांना वाटतं जेनबँक म्हणजेच सगळं. जेनबँक हे गोदाम आहे, १९८२ पासून चालू, ज्याला जे टाकायचं ते टाकतो, नाव पण त्यानेच दिलेलं असतं, कोणी ‘नॉव्हेल अ‍ॅलील’ लिहितं, कोणी ‘क्लोन ७ बी’, कोणी नुसतंच ‘डीआरबी’. युरोपचं ईएनए आणि जपानचं डीडीबीजे यांच्याशी त्याची रोज देवाणघेवाण चालते, म्हणून तिन्ही ठिकाणी वेगवेगळं शोधत बसायची गरज नाही, एकात आहे ते बाकी दोनांत येतंच. आपलं भारताचं पण आता आहे, इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटर, फरिदाबादला, २०२२ मध्ये सुरू झालं, तुमचा प्रोजेक्ट सरकारी पैशातून असेल तर डेटा तिथे द्यायचा आहे का ते गाइडला आधीच विचारून ठेवा, शेवटच्या महिन्यात नको.

आणि आयपीडी-एमएचसी म्हणजे गोदाम नाही, रजिस्ट्री. इथे सिक्वेन्स तपासला जातो, एकाच सिक्वेन्सचे दहा डुप्लिकेट असतील तर एक केला जातो आणि त्या त्या प्राण्याची कमिटी त्याला अधिकृत नाव देते. माणसाच्या एचएलएचा डेटाबेस १९९८ च्या डिसेंबरमध्ये लोकांसाठी उघडला आणि प्राण्यांचा हा भाग २००३ मध्ये. केंब्रिजजवळ हिंक्सटनला युरोपियन बायोइन्फॉर्मॅटिक्स इन्स्टिट्यूट आहे, त्यांच्या साइटवर तो मिळतो, लॉगिन नको पैसे नकोत. त्याच घरात आयपीडी-एनएचकेआयआर म्हणून अजून एक खोली आहे, ती माणूस सोडून बाकीच्या प्राण्यांच्या केआयआर रिसेप्टरची (नॅचरल किलर पेशींवरचे, एमएचसी तपासणारे), माकडं आणि गायी यांच्यावर काम करणाऱ्यांनी बघावी. उंदीरवाल्यांनी तिथे जाऊन उपयोग नाही, उंदरात ते काम एलवाय४९ नावाची वेगळीच फॅमिली करते.

अँटिबॉडी किंवा टी सेल रिसेप्टरची जीन्स हवी असतील तर आयएमजीटी. फ्रान्समध्ये माँपेलिएला, मारी-पोल लेफ्रां यांनी १९८९ मध्ये सुरू केलेलं. त्यातलं व्ही-क्वेस्ट नावाचं टूल भारी आहे, तुमचा सिक्वेन्स टाका, कुठला व्ही, कुठला डी, कुठला जे (हे तुकडे जोडूनच अँटिबॉडीचं जीन बनतं) ते वेगळं करून देतं. गायीच्या अँटिबॉडी टाकल्या तर कधीकधी सीडीआर३ (अँटिबॉडीचा पकडणारा भाग) एवढा लांब निघतो की वाटतं सिक्वेन्सच बिघडला. नाही बिघडला. गायीच्या काही अँटिबॉडीत तो ६० अमिनो आम्लांच्या वर जातो, माणसात साधारण १५ च्या आसपास असतो. बाकी इनेट इम्युनिटीची जीन्स, टोल-लाइक रिसेप्टर वगैरे, यांच्यासाठी इनेटडीबी आहे, माणूस, उंदीर आणि गाय एवढ्यांसाठी, आणि नुसतं जीनचं ठिकाण, एक्झॉन (जीनमधले प्रोटीनसाठी वाचले जाणारे तुकडे) किती ते बघायचं तर सरळ एन्सेंबल. यावर जास्त काही सांगण्यासारखं नाही, उघडलं की समजतं.

नावांवर मात्र थांबते जरा, कारण अर्धा वेळ तिथेच जातो.

गायीच्या सिस्टिमला म्हणतात बोला. खरंच. बोव्हाइन ल्युकोसाइट अँटिजेन, बोला. भाची पहिल्यांदा फोनवर म्हणाली "मावशी, बोला डाउनलोड कसं करायचं" तर मी म्हटलं बोल की गं. कुत्र्याचं डीएलए, डुकराचं एसएलए, घोड्याचं ईएलए, जे वाचलं की मला प्रत्येक वेळी जुन्या गोव्याचं एला आठवतं, आणि तिथे तर शेतीचं आणि जनावरांचं संशोधन केंद्रच आहे. माकडांचं अजून मजेशीर, त्यांच्यात शास्त्रीय नावाच्या दोन शब्दांची पहिली दोन-दोन अक्षरं घेतात. ऱ्हीसस माकड म्हणजे मकाका मुलाटा, त्याचं झालं मामू. सामन माशाचं, साल्मो सालार, सासा. म्हशीचं बुबु. नवीन प्राणी असेल तर हा चार अक्षरांचा नियम, आणि गाय, कुत्रा, डुक्कर ही जुनी मंडळी त्यांचं जुनं नाव ठेवून आहेत.

आता पूर्ण नाव कसं वाचायचं. बोला-डीआरबी३*००९:०२ हे घ्या. बोला म्हणजे गाय. डीआरबी३ हे जीन. मग चांदणी, चांदणीच्या पुढे अ‍ॅलील. पहिला आकडा, ००९, हा ग्रुप. कोलननंतरचा ०२ म्हणजे त्या ग्रुपातलं वेगळं प्रोटीन. त्याच्यापुढे अजून एक कोलन आणि आकडा असेल तर डीएनएत फरक आहे पण प्रोटीन तेच, आणि चौथा आकडा असेल तर फरक इंट्रॉनमध्ये वगैरे, कोडिंगच्या बाहेर. म्हणजे डावीकडून उजवीकडे फरक बारीक बारीक होत जातो.

हे नाव मुद्दाम निवडलं. कारण हेच अ‍ॅलील जुन्या पेपरात तुम्हाला डीआरबी३.२*११ म्हणून मिळेल, मधल्या काळातल्या पेपरात डीआरबी३*०९०२ म्हणून आणि आत्ताच्या पेपरात डीआरबी३*००९:०२. तिन्ही एकच! माटोळीला बांधायच्या फळांचं असंच असतं ना, सत्तरीतली बाई एक नाव सांगते, पेडण्याची दुसरं, आणि दोघी एकाच फळाकडे बोट दाखवतात. जुनं नाव आलं कुठून तर १९९२ च्या सुमाराला एक पद्धत निघाली, एक्झॉन २ चा २८४ बेसचा (अक्षरांचा) तुकडा पीसीआरने, म्हणजे त्याच्या लाखो प्रती करून, वाढवायचा आणि आरएसए-वन, बीएसटीवाय-वन, एचएई-थ्री ही तीन एन्झाइम्स लावून कापायचा, जेलवर पट्टे कसे दिसतात त्यावरून नंबर. म्हणून ‘.२’, म्हणजे एक्झॉन २. पण पट्टे सारखे असले म्हणजे सिक्वेन्स सारखा असेलच असं नाही, एकाच जुन्या नंबरात कधी कधी दोन-तीन खरी अ‍ॅलील लपलेली असतात. हे *००९:०२ गाजलेलं आहे कारण ज्या गायींत ते असतं त्यांच्यात बोव्हाइन ल्युकेमिया व्हायरस वाढत नाही फारसा, अनेक देशांत दिसलंय. तर लिटरेचर शोधताना तिन्ही नावांनी शोधा, नाहीतर निम्मे पेपर हातातून जातात आणि व्हायव्हाला कोणीतरी नेमका त्यातलाच विचारतो.

चला, आता प्रत्यक्ष काम. एनसीबीआयच्या (जेनबँक चालवणारी अमेरिकन संस्था) न्यूक्लिओटाइड सर्चमध्ये नुसतं ‘काउ एमएचसी’ टाकू नका, हजारो फालतू रिझल्ट येतात. प्राण्याचा टॅक्सॉनॉमी नंबर वापरा, स्पेलिंगची कटकट राहत नाही. वशिंडवाली गाय बॉस इंडिकस ९९१५, विदेशी बॉस टॉरस ९९१३, म्हैस ८९४६२, कुत्रा ९६१५, डुक्कर ९८२३, कोंबडी ९०३१. आधी टीएक्सआयडी ही अक्षरं, त्याला चिकटून नंबर, मग चौकटी कंसात ओआरजीएन. त्यानंतर अँड, मग जीनचं नाव आणि चौकटी कंसात जीन. डाव्या बाजूला सिक्वेन्सच्या लांबीचा फिल्टर असतो, तिथे २०० ते १००० टाका, नाहीतर पूर्ण क्रोमोसोमच्या लांबलचक एन्ट्र्या मध्ये घुसतात. (गायीची एमएचसी २३ व्या क्रोमोसोमवर असते, कुत्र्याची १२ वर, डुकराची ७ वर, हे माहीत असलं की चुकीचं जीन पकडलंय का ते लगेच कळतं.)

एन्ट्री उघडलीत की वरचं शीर्षक वाचून पुढे पळू नका, खाली फीचर्समध्ये सोर्स म्हणून भाग असतो तो वाचा. तिथे ब्रीड लिहिलेलं असतं, देश असतो, आयसोलेट नंबर असतो. पुष्कळ वेळा ब्रीड रिकामं असतं. आपल्या श्वेतकपिलाची गोष्ट घ्या, गोव्याची रजिस्टर्ड गावठी गाय, पांढरी, पण नमुना गोळा करणाऱ्याने नुसतं ‘लोकल’ लिहिलं तर पुढच्या माणसाला कसं कळणार? म्हणून स्वतः टाकताना ब्रीड लिहाच. आणि डाउनलोड करताना फास्टा (नुसतं नाव आणि सिक्वेन्स असलेली फाइल) सोबत पूर्ण जेनबँक फॉरमॅट पण सेव्ह करा, फास्टामध्ये ही सगळी माहिती गळून जाते.

आयपीडी-एमएचसीत काम जास्त सोपं. ग्रुप निवडा, गायीचा असेल तर बोला, मग जीन, मग सगळी अ‍ॅलील फास्टामध्ये उतरवा. एक फोल्डर करा आणि फोल्डरच्या नावातच रिलीज नंबर आणि तारीख टाका. हे मी हात जोडून सांगते. नावं बदलतात, अ‍ॅलील काढून टाकली जातात, नवीन येतात, आणि सहा महिन्यांनी तुम्हाला आठवणार नाही की कुठल्या रिलीजशी जुळवलं होतं. थिसिसमध्ये पण तो नंबर लिहायचा.

तिथे अलाइनमेंटचं टूल आहे ते उघडून एकदा नुसतं बघत बसा, हात न लावता. वरच्या ओळीत एक अ‍ॅलील पूर्ण लिहिलेलं असतं, खालच्या ओळींत जिथे तेच अक्षर आहे तिथे आडवी रेघ, फरक असेल तिथेच अक्षर, टिंब म्हणजे तिथे बेस गाळलेला किंवा घुसलेला, आणि चांदणी म्हणजे तो भाग कोणी सिक्वेन्स केलेलाच नाही. ही चांदणी लक्षात ठेवा. पोरं ‘इथे फरक नाही’ असं समजून मोकळी होतात, खरं तर तिथे माहितीच नाहीय. बरीच अ‍ॅलील नुसती एक्झॉन २ पुरती माहीत आहेत, सुमारे २७० बेस, कारण खोबणीचा तळ आणि भिंत तिथेच बनते आणि सगळ्यांनी तेवढंच सिक्वेन्स केलंय.

आता भाचीची तीन अ‍ॅलील कशी गेली ते ऐका, याच्याहून चांगला धडा नाही.

पहिलं चहावर गेलं. तिने फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्ही रीड (दोन्ही टोकांकडून वाचलेले) जोडून तुकडा केला आणि सरळ ब्लास्टला (एनसीबीआयचं सिक्वेन्स जुळवायचं टूल) टाकला. एक फरक दिसला, अगदी टोकाला, बारावा बेस. मी विचारलं प्रायमर (पीसीआर सुरू करायला आपण घालतो तो डीएनएचा छोटा तुकडा) काढलास का? गप्प. पीसीआरच्या तुकड्याची दोन्ही टोकं ही गायीची नसतात, प्रायमरची असतात, कारण प्रायमरच त्या तुकड्याचा भाग होऊन बसतो. गायीत तिथे वेगळं अक्षर असेल तरी तुकड्यात प्रायमरचंच अक्षर येणार. मग मधला भाग एका अ‍ॅलीलचा आणि टोक प्रायमरचं असा जोड तयार होतो, जो कुठल्याच नोंदलेल्या अ‍ॅलीलशी जुळत नाही, आणि आपण नाचतो. प्रायमर जिथे बसतो तेवढे बेस दोन्हीकडून कापले, जुळवलं, शंभर टक्के. कप खाली ठेवून म्हणाली, "कोणी सांगितलंच नाही गं." खरंय, कोणी सांगत नाही. सिक्वेन्सिंगवाल्यांनी ‘क्लीन’ फाइल पाठवली होती म्हणे, पण त्यांचं क्लीन म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा घाण सिग्नल काढलेला, प्रायमर नाही.

दुसरं जरा सूक्ष्म. तिने मला टेक्स्ट फाइल दाखवली, मी म्हटलं टेक्स्ट नको, क्रोमॅटोग्राम (मशीनने काढलेला रंगीत शिखरांचा आलेख) उघड. फिंचटीव्ही, क्रोमास, काहीही चालतं, फुकट मिळतात. उघडलं तर ८४ व्या जागेवर दोन शिखरं, एक हिरवं एक काळं, एकमेकांवर चढलेली, म्हणजे ए पण आहे आणि जी पण आहे. अशा अकरा जागा होत्या. म्हणजे गाय हेटेरोझायगस, आईकडून एक अ‍ॅलील, बापाकडून दुसरं, आणि मशीनने प्रत्येक जागी जे शिखर इंचभर उंच ते उचललं. कधी आईचं कधी बापाचं, असा खिचडी सिक्वेन्स तयार झाला जो त्या गायीत अस्तित्वातच नाही! अशा वेळी आधी त्या जागांवर दोन्हीची खूण लिहायची, ए किंवा जी असेल तर आर, सी किंवा टी असेल तर वाय, जी-सी ला एस, ए-टी ला डब्ल्यू, जी-टी ला के, ए-सी ला एम. मग नोंदलेल्या अ‍ॅलीलमधल्या कुठल्या दोघांना एकत्र ठेवलं की नेमकी हीच यादी येते ते शोधायचं. जेवणं होईपर्यंत आम्हाला जोडी सापडली, दोन्ही जुनी. जोडी नाही सापडली तर क्लोनिंग करून दोन अ‍ॅलील वेगळी करावी लागतात, किंवा आजकाल नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंगने प्रत्येक रीड सुटी मिळते. आणि त्यात पण जपून, पीसीआर करताना अर्धवट झालेला तुकडा दुसऱ्या अ‍ॅलीलवर जाऊन चिकटतो आणि नकली जोडतुकडा तयार होतो, कायमेरा म्हणतात त्याला, तो दिसायला अगदी नवीन अ‍ॅलीलसारखाच.

तिसरं रात्रभर टिकलं म्हणून तिला आशा होती. प्रायमर कापलेला, शिखरं स्वच्छ एकेरी, ब्लास्टमध्ये सगळ्यात जवळचं ९९.६३ टक्के. २७० मध्ये एक बेस वेगळा की हाच आकडा येतो, दोन असले की ९९.२६. इथे एक सांगते, दुसऱ्या कुठल्या जीनमध्ये ९९.६३ म्हणजे ‘तेच आहे’ म्हणून सोडतात, एमएचसीत एका बेसनेसुद्धा वेगळं अ‍ॅलील होतं, त्यामुळे शंभर म्हणजे शंभर, आणि क्वेरी कव्हर पण शंभर पाहिजे, नाहीतर तुकड्याचा अर्धाच भाग जुळलेला असतो आणि टक्के शंभर दिसतात. तर सकाळी मी तिची सर्च पुन्हा बघितली. बाईसाहेबांनी प्राणी बॉस इंडिकस एवढाच फिल्टर ठेवला होता, का तर आपली गावठी गाय वशिंडवाली. फिल्टर काढला, आयपीडीच्या फास्टाशी जुळवलं, पहिल्याच ओळीत शंभर टक्के, विदेशी गायीतून कधीच नोंदलेलं. वशिंडवाल्या आणि बिनवशिंडाच्या गायींत बरीच अ‍ॅलील सामायिक असतात, ही अ‍ॅलील जातींपेक्षा जुनी असतात, कधी कधी तर प्रजातींपेक्षा. म्हणून प्राण्याचा फिल्टर लावून नवेपणा ठरवू नका, सगळ्या रवंथ करणाऱ्यांत एकदा शोधाच.

ब्लास्टचं अजून थोडं. उघडल्यावर मेगाब्लास्ट निवडलेलं असतं, जवळच्या सिक्वेन्ससाठी ते ठीक, पण म्हशीचा किंवा हरणाचा सिक्वेन्स गायीशी जुळवायचा असेल तर खाली साधं ब्लास्टएन निवडा. ई-व्हॅल्यू (अशी जुळणी नुसत्या योगायोगाने किती वेळा होईल तो आकडा) बघून खूश होऊ नका, इथे सगळ्यांचीच छान येते.

मग प्रोटीनमध्ये बदलून बघा. एक्झॉन हा कोडॉनच्या (एका अमिनो आम्लाची तीन अक्षरं) सुरुवातीपासून सुरू होतोच असं नाही, आधीच्या एक्झॉनचं उरलेलं एखादं-दुसरं अक्षर पुढे आलेलं असतं, म्हणून तिन्ही फ्रेम चालवा आणि जिच्यात मध्येच स्टॉप येत नाही ती घ्या. तिन्हींत स्टॉप येत असेल तर एक तर बेस चुकलाय नाहीतर तुम्ही मेलेलं जीन पकडलंय. गायीत डीआरबी१ हे स्यूडोजीन आहे, डीआरबी२ फारसं चालत नाही, कामाचं डीआरबी३, आणि प्रायमर ढिसाळ असला की शेजारचं उचलून आणतो.

एवढं सगळं करून पण नवीन वाटलं तर? नियम साधारण असा, दोन वेगवेगळ्या पीसीआरमध्ये तेच यायला हवं किंवा दोन वेगळ्या जनावरांत दिसायला हवं, एकाच ट्यूबवर विश्वास नाही. मग आधी जेनबँकेत टाकायचं, बँकइट नावाचा फॉर्म आहे, त्यात पार्शियल सीडीएस (कोडिंग भागाचा तुकडाच आहे असं) लिहायचं, रीडिंग कितव्या बेसपासून ते सांगायचं, पेपर छापून येईपर्यंत गुप्त ठेवायचं असेल तर तारीख देता येते. अ‍ॅक्सेशन नंबर (नोंदीचा नंबर) थोड्या दिवसांत ईमेलवर येतो. तो हातात आला की आयपीडीकडे सबमिट, मग कमिटी नाव देते. स्वतःच्या मनाने पुढचा नंबर लावून पेपर छापू नका, दोघांनी एकच नंबर दोन वेगळ्या अ‍ॅलीलना लावला की पुढची दहा वर्षं लोक शिव्या देतात. रक्त घेताना मालकाची आणि एथिक्स कमिटीची परवानगी, ती कागदावर, हे तर आलंच.

गायी सोडून बाकीच्यांसाठी थोडक्यात. कुत्र्यांवर काम असेल तर डीआरबी१, डीक्यूए१ आणि डीक्यूबी१ ही तिन्ही एकत्र बघा, ती जोडीने, म्हणजे हॅप्लोटाइप म्हणून, पुढच्या पिढीत जातात, एकटं डीआरबी१ अर्धी गोष्ट सांगतं. डुकरांत, आपल्या अगोंद गोवन जातीवर कोणी काम करत असेल तर, क्लास वनची एसएलए-१, एसएलए-२, एसएलए-३ ही तीन जीन्स एकमेकांसारखी इतकी आहेत की कुठल्या जीनचं अ‍ॅलील हेच ठरवायला वेळ लागतो. माकडांचं अजून कठीण, सत्तरीत माकडताप आल्यापासून अधूनमधून कोणीतरी विचारतं, तर मकाकांत एकाच जनावरात क्लास वनच्या जीन्सच्या किती कॉप्या हे सुद्धा ठरलेलं नसतं, त्यामुळे दोन शिखरं नाही, चार-पाच चढलेली दिसतात, सँगर सिक्वेन्सिंगचा (शिखरांचा आलेख देणारी ही जुनी पद्धत) नाद सोडा. आणि जुन्या पेपरात मामू-ए*०१ दिसलं तर ते आजचं मामू-ए१*००१:०१.

कोंबडी उलट सगळ्यात आटोपशीर. माणसाची एमएचसी चाळीस लाख बेसच्या आसपास पसरलेली, कोंबडीचा मुख्य भाग फक्त ९२ हजार बेस आणि १९ जीन्स, १९९९ मध्ये पूर्ण वाचला गेला. त्यामुळे तिथे एकेका हॅप्लोटाइपचा रोगाशी संबंध ठळक दिसतो, बी२१ वाल्या कोंबड्या मॅरेक्स रोगाला टिकतात, बी१९ वाल्या नाही. शिकायला सुरुवात करायची तर मी कोंबडीपासूनच करायला सांगेन. मासे म्हणाल तर आयपीडीत सामन-ट्राउटवाली मंडळी आहेत, बांगडा-विसवण शोधत बसू नका. आणि कॉडमध्ये क्लास टू सापडत नाही म्हणून पीसीआरला दोष देऊ नका, अटलांटिक कॉडने क्लास टूचं अख्खं खातंच बंद केलंय, २०११ मध्ये त्याचा जीनोम वाचला तेव्हा कळलं.

तर भाची. तीन गेली म्हणून रडवेली होऊन बॅग भरत होती, तेवढ्यात मी सहज तिच्या बाकीच्या फाइल चाळल्या. सहा नंबरची गाय, जिच्यावर तिने ‘खराब’ लिहून ठेवलं होतं, कारण दोन शिखरं खूप होती. जोडी शोधायला बसलो, एक अ‍ॅलील जुनं निघालं, ते वजा केलं तर उरलेलं कशाशीच जुळेना, ना आयपीडी ना जेनबँक, फ्रेम नीट, स्टॉप नाही, फरक प्रायमरपासून लांब, मधोमध, दोन जागी. मी काही बोलले नाही. तिला एवढंच सांगितलं की चवथ झाली की त्याच डीएनएचा नवीन पीसीआर लाव, नवीन ट्यूब, नवीन मिक्स, आणि त्या गायीला वासरू आहे का ते काकांना फोन करून विचार. वासरू आहे, पाडी, चार महिन्यांची.